मे महिन्यापर्यंत

लाहटिनेन बाई जानेवारीत गेल्या.
गेल्या, पण पुरता आल्या नाहीत.
सुपीरियर सरोवराच्या या काठावर
जानेवारीत जमीन चार फूट दगड असते,
कुदळ टणकन परत येते.
म्हणून दफनभूमीच्या टेकडीत विटांची एक खोली आहे,
लोखंडी दाराची.
हिवाळ्यात गेलेले तिथे मे महिन्याची वाट बघतात.

तिथवरचा रस्ता मी साफ करतो.
काउंटीचा नांगर चालवतो, सव्वीस वर्षं झाली,
पहाटे चारला, बर्फ उजवीकडे लोटत.
नांगर म्हणायचं आपलं,
मागे पेरायचं काही नसतं.

दारापाशी आलो की वेग आपोआप कमी होतो.
मला त्यांनी असंच थांबवलं होतं शाळा सुटल्यावर,
रसायनशास्त्राच्या वर्गात, खोली नंबर अकरा,
समीकरण जुळेपर्यंत.
"दोन्ही बाजूंना सारखं हवं, ड्यूएन.
काही हवेत जात नाही.
हवेत गेलं तरी मोजायचं असतं."
बस निघून गेली. साडेसहाला जुळलं.
त्यांच्या गाडीतून त्यांनी मला घरी सोडलं,
वाटेत अवाक्षर नाही.
उतरताना फक्त, "उद्या त्याच्या पुढचं."

लाल शाई त्या वापरत नसत.
त्या वर्षी लाल शिक्क्याची पाकिटं घरोघर आली होती,
तांब्याची खाण बंद झाल्याची.
माझ्या बापानं ते पाकीट
जेवणाच्या टेबलावर आठवडाभर तसंच ठेवलं होतं.
आमच्या चुका हिरव्या असायच्या.

शेजारी बारा नंबरात ट्रेझाइझ सर, भूमिती.
मधली भिंत पातळ.
आमच्याकडे काही फुटलं, धडाम झालं,
की पलीकडून डस्टर भिंतीवर, दोनदा.
बाई इकडून बोटाच्या पेरानं, एकदा.
म्हणजे, सगळे जिवंत आहेत.
एकतीस वर्षं एवढंच संभाषण.
त्यांचं काही होतं का, असं गाव विचारायचं.
गावाला वेळच वेळ होता.

सर फळ्यावर वर्तुळ काढायचे
कंपासशिवाय, खांद्यातून, एका दमात,
आणि आम्ही मागच्या बाकांवरून टाळ्या पिटायचो, उगाच.
शेवटच्या वर्षी हात थरथरू लागला.
टोकं जुळेनात. बोटभर फट राहिली.
सर तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले,
"असू दे. उशिरा येणाऱ्यांसाठी."
कुणी हसलं नाही.
ते हसले, तेव्हा सगळे हसलो.

ते तीन वर्षांपूर्वी गेले, ऑगस्टात.
माती मऊ होती, काम पटकन झालं.
फावडं घेऊन मी बाजूला उभा होतो,
माणसं पांगायची वाट बघत.
पांगली.
बाई मागच्या रांगेतून पुढे आल्या,
हातमोजा काढला, वाकल्या,
आणि पेटीवर पेरानं वाजवलं.
एकदा.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
बायकोलाही नाही.

परवा पहाटे, वादळात काही दिसेना,
नांगराचं पातं त्या लोखंडी दाराला लागलं.
मागे घेतलं, पुन्हा लागलं.
दोनदा, चुकून.
मी इंजिन बंद केलं.
किती वेळ बसून होतो, सांगत नाही.
सरोवरावरून वारा येत होता,
काचेवरचा बर्फ पुसायचंही सुचलं नाही.
रेडिओवर कुणीतरी विचारत होतं,
सतरा नंबर, कुठे आहेस,
सतरा नंबर.
म्हणालो, थांबवून ठेवलंय.
कुणी?
मी बटण सोडलं.

बाईंची जागा बर्फात खुंट्या ठोकून आखलीय मी.
सरांच्याच ओळीत, पण पार पलीकडे.
मध्ये नऊ माणसं आहेत,
पाच एकट्या सालमेला कुटुंबातली.

भिंत यापेक्षा पुष्कळ पातळ होती.