पान दोनशे बारा

दर गुरुवारी पुस्तकांची बस घेऊन मी उत्तरेला जाते,
इनारीहून सेवेत्तिजार्वीपर्यंत.
डिसेंबरात भर दुपारी बारालाही हेडलाइट लावून,
सूर्य तेव्हा दीड महिना रजेवर असतो.
रेनडियर रस्त्यात उभे राहतात,
हॉर्नला भीक घालत नाहीत.

थांबे सात. वाचक एकतीस.
बागकामाची पुस्तकं कोरी करकरीत राहिली आहेत,
प्रवासवर्णनांवर धूळ,
पण ते एक काळ्या पाठीचं पुस्तक
फडताळावर टिकतच नाही.
दोनदा बांधणी उसवली,
आता चिकटपट्टीने धरून ठेवलंय,
मोडलेल्या बोटाला धरतात तसं.

गोष्ट म्हणाल तर साधी:
एक नर्स आपल्या आजारी बहिणीची सेवा करते.
किती मायेने सांगते सगळं,
सूप किती कोमट, उशी कुठल्या कुशीला!
आणि नव्वदाव्या पानावर
आपल्याला कळतं, बहीण आजारी नाहीच.
तिथे पुस्तक मिटायला हवं.
कुणीच मिटत नाही.

बर्फ हटवणारा उर्पो दाराशी बूट झटकत उभा.
म्हटलं, रात्रीचं वाचू नकोस हं हे.
म्हणाला, "बाई, सध्या रात्रीशिवाय आहे काय इथे?"
चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी केर्त्तू
ते विणकामाच्या पुस्तकाखाली लपवून परत आणते,
"भयंकर आहे, असलं लिहवतं तरी कसं!" म्हणते,
आणि घुटमळते. "हिचंच दुसरं काही आहे का?"
आर्मासकडून आलं की पानांना
धुराचा आणि मासळीचा वास.

मला वाटायचं, हे शेकोटीसारखं असेल.
दुसऱ्याच्या घरातला काळोख जरा वेळ तापवत बसायचं,
मग आपल्या घरी दिवा लावून निजायचं.
छान होतं हे उत्तर. मी ते वरिष्ठांनाही सांगितलं होतं.

मग एकदा पेन्सिलीच्या खुणा खोडायला बसले
(ते माझंच काम, दर महिनाअखेरीला).
सबंध पुस्तकात एकच ओळ अधोरेखित,
पान दोनशे बारा:
"दार बाहेरून लावताना
मला तिची सगळ्यात जास्त माया यायची."
खाली एक रेघ सरळ, पट्टीने मारावी तशी.
एक थरथरती. एक इतकी दाबून
की मागच्या पानावर वळ उठलेला.
आणि समासात, बारीक अक्षरात:
मीही.

मी बस बंद केली. हीटर घरघरत राहिला.
एकतीस चेहरे एकेक करून डोळ्यांपुढे आणले,
उर्पोचा, केर्त्तूचा, शाळेतल्या त्या नव्या मास्तरचा,
सगळे कसे सज्जन, सगळे मुदतीत पुस्तकं परत करणारे.
रबर हातात घेतलं.

माझी आई एक्याऐंशी वर्षांची आहे.
मला ती कधी सिस्को म्हणते, कधी "अहो बाई".
मागच्या मार्चमध्ये मोजे न घालता तळ्यावर निघाली होती,
बर्फ पातळ व्हायला लागला होता.
तेव्हापासून गुरुवारी सूप थर्मासमध्ये भरून ठेवते,
रेडिओ लावून ठेवते,
आणि निघताना

कुणालाही विचारा, दुसरा उपाय नव्हता.

किल्ली फिरते तेव्हा आतून ती म्हणते, "लवकर ये गं."
आणि पुढचे आठ तास, रस्ताभर,
मला इतकं हलकं वाटतं,
आणि तिच्यावर इतका जीव जडतो,
की सातही थांब्यांवर मी सगळ्यांशी हसून बोलते.
लोक म्हणतात, सिस्को किती प्रेमळ आहे.

'मीही' खोडलं. तिन्ही रेघा खोडल्या.
कागद तिथे आता इतका झिजलाय
की दिव्याशी धरला तर पलीकडचं दिसतं.

या गुरुवारी पुस्तक केर्त्तूकडून येईल,
पुढचा नंबर आर्मासचा.
बसमधली पेन्सिल दोऱ्याने टेबलाला बांधलेली असते,
कुणी नेऊ नये म्हणून.
सकाळी टोक करायला घेतली
तर होतंच टोक. ताजं.