हे पाणी गोमाईत जातं

नगरपालिकेनं एका तोंडाचे साठ रुपये ठरवले.
तोंड म्हणजे गटारीचं, जिथून पावसाचं पाणी खाली उतरतं.
शहाद्यात अशी तोंडं एकशे बारा,
त्यातली सतरा बुजलेली, दोन कुणाच्या तरी ओट्याखाली.
मजकूर साहेबांनी दिला, हातभर.
मी म्हटलं, साहेब, चालत्या माणसाला एवढं वाचवत नाही.
शेवटी चार शब्द राहिले :
हे पाणी गोमाईत जातं.

तीस वर्षं अक्षरं काढतोय.
ट्रकच्या पाठी, पपईच्या वखारी, हरलेले उमेदवार.
उभ्या भिंतीवर हात आपोआप चालतो,
इथे उकिडवं बसून, रस्त्याकडे पाठ करून,
वास घेत लिहायचं.
गिरणीपुढच्या तोंडाला मिरचीचा ठसका,
मार्केट यार्डामागे फवारणीच्या रिकाम्या बाटल्यांचा,
अशपाक पिंजारीच्या गॅरेजपुढे
जळक्या ऑइलचा, गुळचट.
"नदी अर्ध्या कोसावर, हिलालभाऊ. तिथवर काय जातंय?"
मी लिहीत राहिलो.
त्यानं बोट लावून 'हे'ची मात्रा फिसकटवली.
मुद्दाम नाही. ओली आहे का पाहायला.

खाली मासा काढायचा होता.
साहेबांच्या मोबाइलातला मासा समुद्रातला, हसरा.
मी आपला शिंगाडा काढला.
वना भोई सायकल टेकवून बघत राहिला, मग म्हणाला,
"याना मिशा कोठे ग्यात? तेलमा वाही ग्यात का?"
दोन रेघांत मिशा दिल्या.
विचारलं, अलीकडे कधी लागला जाळ्यात?
तो सायकलची चेन बघत बसला.

दुपारी आभाळ उतरलं. उरकायची घाई.
ब्रश टर्पेंटाइनमध्ये खळबळले
आणि वाटी, नेहमीसारखी,
ओतली.
माझ्याच ओल्या अक्षरांवरून निळा-जांभळा तवंग सरकला,
'जातं'च्या टिंबापाशी जरा अडला,
गेला.
माझा हात अजून वाकडाच होता.
अशपाक पान्यासकट हसला. हसायलाच हवं होतं.

मग पाऊस. आम्ही दोघं त्याच्या पत्र्याखाली.
रस्ता सगळं घेऊन निघाला :
पुड्या, शेण, कुणाच्या बांधकामाचं सिमेंटी दूध,
कोपऱ्यावरच्या सलूनचे केस,
सगळं मिशांवरून आत.
"अर्धा कोस जायला याला किती वेळ लागत असेल?"
अशपाकनं विचारलं.
मला माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं.
थोड्या वेळानं त्यानं जीपखालचा काठोकाठ भरलेला ट्रे
पायानं आत ओढला.

आता स्कूटरच्या हुकाला झाकणाचा डबा असतो.
रात्रभर ठेवला की वरचं टर्पेंटाइन निवळतं, पुन्हा कामी येतं.
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
खोटं कशाला, उस्तादानं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.
तळाला सगळे रंग बसून एकच रंग होतो,
त्याला दुकानात नाव नाही.

उद्या बसस्टँडमागची अकरा तोंडं.
मिशा आधी काढणार.