न धुतलेली काठी

चाळीस दिवसांचा उपास. पातळ बिअर तेवढी चालते,
म्हणून थोरल्या पिंपाची काळजी अख्ख्या मठाला.

रुआदान नवा, सतरा वर्षांचा.
ढवळायची काठी शॅननच्या काठी नेऊन
वाळूनं घासली त्यानं,
पांढरी होईस्तोवर.

पिंप गप्प.
तिसऱ्या दिवशीही फेस नाही,
नुसतं सातूचं गोडसर पाणी.
मठाधिपती म्हणाले, कुणाच्या तरी मनात पाप आहे.
आम्ही गुडघ्यांवर. स्तोत्रं. गार फरशी.

म्हातारा इर्नान तेवढा भटारखान्यात गेला,
काथवटीच्या कडेची आंबलेली कणीक
नखानं खरवडून आणली,
पिंपात टाकली. बोलला नाही कुणाला.

पहाटे झाकण हललं.
घंटा वाजली.
रुआदान रडला, क्षमा मिळाली म्हणून.

इर्नान अजून नखं कोरत होता.