कूलरच्या पोटात

मार्च सरायच्या आत ताट्या बदलायच्या,
हा बाबांचा कायदा.
यंदा एप्रिलचा दुसरा शनिवार उजाडला,
गोळीबार चौकातलं डांबर चपलेला चिकटू लागलं,
तरी कूलर तसाच, खिडकीला टेकून,
गेल्या पावसाळ्यापासून जुनी सतरंजी पांघरलेला.

बाबा स्टुलावर चढत नाहीत आता.
चार पावलं चालले की छातीत शिट्टी वाजते.
खाटेवरूनच हुकूम:
"आधी प्लग काढ.
काढला? दाखव मला हातात धरून."
मी दाखवते,
शाळेत नखं दाखवायचे तसा.

तीन जाळ्या, तारांनी पिळून बांधलेल्या.
आतली घास काळी, खारानं कडक,
हात लावला तर पापडासारखी मोडली
आणि वास सुटला
ओल्या पोत्याचा, बंद संदुकीचा.
हाच वास अख्खा उन्हाळा
गार गार म्हणत आपण छातीत भरला, बाबा.
हे मी बोलले नाही.
ते ऐकल्यासारखे खोकले.

गेंदलाल येतो सायकलवर गठ्ठे बांधून,
लांबून वाटतं गंजीच चालत येतेय.
"खस देऊ का ताई? खुशबू पाहा."
आतून बाबा: "साधी दे रे.
खुशबूनं मले ठसका लागते."

टाकी उलटली. बोटभर गाळ.
बाटलीचं झाकण, पारव्याचं पीस,
दहावीत हरवलेलं माझं कानातलं, हिरवं पडलेलं.
चिंचेचा कोळ लावून पांढरा थर घासत बसले
आणि टॉर्च सहज वर गेला.

पत्र्याच्या आतल्या अंगाला
काळ्या ऑइलपेंटची अक्षरं.
विजेच्या खांबांवर नंबर टाकायचे ते;
तोच ब्रश, तेच आखीव आकडे.

२००४ नवा पंप.
२००६ निरूला डेंगू. प्लेटलेट अठरा हजार.
 दर शनिवारी टाकी कोरडी. विसरू नये.
२००७ जाळी लावली. डास नाही.
२०११ डिसेंबर. सिगडी आत, खिडकी बंद.
 हिची शुद्ध गेली. चूक माझी.

कूलरमध्ये सिगडीचं काय काम?
ती पहाट मला आठवते:
अंगणात आईला आडवी ठेवलेली,
शेजारच्या हेडाऊ काकू तळपाय चोळताहेत,
आणि बाबा कोणाशी काही न बोलता
पेटती सिगडी चिमट्यानं उचलून नालीत ओततात.
केवढा फुत्कार झाला होता.
माफी बिफी कोणी ऐकली नाही.
ती इथं लिहिलेली होती,
वर्षातून एकदाच कोणी डोकावेल अशा जागी.

२०१५ पातं वाकलं, सरळ केलं.
२०१६ ताट्या बदलल्या. एकट्यानं.

मी तेव्हा पुण्यात होते,
दुसऱ्या कोणीतरी पुसलेल्या एसीखाली.

२०१९ फक्त वर्ष. पुढे काही नाही.
त्याखाली नुसता पत्रा, गंजाचे ठिपके.

नवी घास भिजली, पंपानं पाणी वर खेचलं.
"पहिली हवा बाहेर जाऊ दे दहा मिनिटं.
अन् समोरचं दार उघड,
हवेले जायले वाट लागते,
नाहीतर घर नुसतं दमट होते."
दार उघडलं.
पडदा एकदा आत आला, मग बाहेर गेला.

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले.
मला वाटलं डोळा लागला.
"लिहिलं का?"
"काय?"
बराच वेळ नुसता पंखा.
"डबा माळ्यावर आहे. वाळला असंन.
दोन थेंब थिनर टाक."

मी स्टूल ओढलं.
शिट्टी अजून वाजतेच आहे,
जरा खालच्या सुरात,
किंवा मलाच तशी ऐकायची आहे.