बोटभर पलीकडे

कुरितिबा. जूनची थंडी.
गॅरेजात दिल्सेऊ दोन हीटर सरकवतो
बॉनेटच्या अंगाशी.

फायबरचंच, पण अकरा वर्षं
भिंतीला टेकून टेकून
पोक आलंय त्याला.
'शनिवारी बसवू,' म्हणून ठेवलं होतं जासीरनं.

'घाई केलीस तर फोड येतील,' पुतणीला सांगतो,
'तळहात ठेव. चटक्याच्या जरा अलीकडे थांब.'

मग वाळूच्या पिशव्या, शिकंजे.
'सरळ नको गं, बोटभर पलीकडे वाकव.
सोडलं की मागे येतंच ते.'

रात्रभर कुणी हात लावत नाही.

सकाळी इवेची पट्टी धरते:
खाली नाणं सरकेल एवढी फट.
'पुन्हा तापवू, काका?'

तो कॉफी ढवळत राहतो. साखर घालायची राहिलीय.
'असू दे.
तेवढं तुझ्या बापाचं.'