उंबरठा : दोन मीटर दहा

टॉडमॉर्डनला काल्डर नदी आमच्या मागच्या भिंतीला लागून वाहते,
एरवी इतकी उथळ की बदकं चालत पलीकडे जातात.
तीन वर्षांत दोनदा ती स्वयंपाकघरात आली,
न विचारता, चपलांसकट.

दुसऱ्या खेपेनंतर मी प्रोग्रॅम लिहायला घेतला.
पुलाखालच्या मापकाचा आकडा दर पंधरा मिनिटांनी वाचायचा,
रेषेच्या वर गेला
की गल्लीतल्या एकोणीस फोनांना उठवायचं.
मी शिकले रसायनशास्त्र;
हे सगळं रात्री, भांडी आवरल्यावर,
अंदाजपंचे.

महिनाभर बरं चाललं.
मग एका कोरड्या मंगळवारी पहाटे तीनला
अख्खी गल्ली रस्त्यावर, झोपेच्या कपड्यांत, कडेवर मांजरं.
नदी तिकडे गाढ झोपलेली.

चूक सापडेना.
लीड्सच्या कंपनीतल्या एका ओळखीच्याला कोड दाखवला.
'हे कुणी लिहिलं?' म्हणत तो हसला,
मीच लिहिलंय हे ठाऊक असून.
दुसऱ्याने सगळं पुसून नवं लिहून दिलं.
चालायचं ते. पण मला त्यातलं अक्षर वाचता येईना,
घर आवरायला कुणी यावं
आणि जाताना किल्ली घेऊन जावं, तसं.

वाचनालयाच्या माडीवर गुरुवारी काही माणसं जमतात,
हे मला पोस्टातल्या बाईने सांगितलं.
फळ्यावर त्यांचा एकच नियम:
आणलंय ते दाखवा, न्याल ते सांगा.

सात माणसं, एक किटली,
भिंतीवर प्रोजेक्टरचा पांढरा चौकोन.
त्यात माझा कोड, एवढाला मोठा.
केस ओले असताना दारात पाहुणे उभे राहावेत
तशी मी उभी.

एनिड अ‍ॅक्रॉइड, वय एक्याऐंशी.
गिरणीत होती तेव्हा विणून आलेलं कापड तपासायची;
गाठ आधी बोटाला लागायची, म्हणते, डोळ्याला मागाहून.
ती उठली, भिंतीपाशी गेली, ओळींवरून बोट फिरवू लागली.
माझी अक्षरं तिच्या हाताच्या शिरांवर पडली.
एकोणचाळिसाव्या ओळीवर बोट थांबलं.
'आणि मापकच बिघडला तर?'

बिघडला की तो नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव पाठवतो.
मला माहीत नव्हतं. माझ्या प्रोग्रॅमलाही.
त्या पहाटे त्याने दहा किलोमीटर उंच नदी पाहिली होती
आणि इमानदारीने सगळ्यांना उठवलं होतं.

कुणी हसलं नाही.
म्हणजे हसले, पण मी हसल्यावर.

दुरुस्ती मलाच करायला लावली.
दोन ओळी. पाऊण तास. चहा गार.

मग बस चालवणाऱ्या इम्तियाझने विचारलं, हे 'उंबरठा' काय आहे?
सगळीकडे तेच नाव, रोमन अक्षरांत, मीच टंकलेलं.
बदलते, म्हणाले मी घाईघाईने.
नको, अर्थ सांग.
दाराच्या तळाशी आडवं लाकूड असतं, मी म्हणाले,
ते ओलांडलं की बाहेरचं आत येतं.
एनिड म्हणाली, आमचाही शब्द तोच आहे गं,
फक्त त्यातलं लाकूड आम्ही विसरलो.
राहू दे तुझं.

राहिलं.

नोव्हेंबरात वेल्सहून एक चिठ्ठी आली,
तैवी नदीच्या काठावरच्या कुणा नेरिसची,
त्या गुरुवारच्या मंडळींपैकी कुणाच्या तरी मावसबहिणीची.
'नेलंय. म्हणून सांगते.'
सोबत तिने सुधारलेला कोड:
घड्याळं तासभर मागे घेतात त्या रात्री
माझा प्रोग्रॅम तोच तास दोनदा मोजायचा,
ते तिने शिवून टाकलं होतं, टाका दिसणार नाही असं.
बाकी नावं होती तशीच.

फक्त आकडा वेगळा.
उंबरठा : तीन मीटर चाळीस.

तिचं दार उंचावर असणार.