कुसळं

"नखरे हैं इसके," सगीर म्हणाला,
"तीन दिन से मुँह में लेती है, गिरा देती है."

कंपूतल्या त्या तबेल्यात
शरबती मान खाली घालून उभी.
ओठांतून लाळेची तार थेट नालापर्यंत,
तारेत एक गुलाबी धागा.
पायाशी ओल्या गवताचे गोळे,
चावलेले, न गिळलेले.

मी पेंढीत हात घातला.
भिंड रोडच्या कडेचं स्वस्तातलं गवत,
उशिरा कापलेलं, पार तुऱ्यावर गेलेलं.
हात बाहेर आला तर बाहीभर कुसळं,
बारीक, पिवळी, उलट्या दातऱ्यांची.
पुढे सरकतात,
मागे येत नाहीत.

सगीरने मोबाईलचा उजेड धरला.
मी जीभ बाजूला ओढली,
जड, गरम, सारखी निसटणारी.
खालच्या ओठाच्या आत, हिरडीच्या कडेला,
रुपयाएवढा व्रण.
त्यात कुसळं रोवलेली,
कुणी हाताने लावणी केल्यासारखी.

लहानपणी ऐकलेलं ते
डोळ्यातलं कुसळ आणि मुसळ.
जिभेखालच्या कुसळाची म्हण
कुणी केली नाही.
घोड्यांना विचारलं नसणार.

चिमट्याने एकेक.
ठेवायला काही नव्हतं, तेव्हा सगीरने
खिशातली लग्नपत्रिका उघडून धरली,
त्याच संध्याकाळच्या वरातीची.
वधूच्या नावापर्यंत आल्यावर
मी मोजणं सोडलं.
मग मिठाचं कोमट पाणी, पिचकारीने.
शरबती एकदाच थरथरली.
एरवी माझ्या खांद्यावर श्वास सोडत राहिली,
फुलदाणीतल्या शिळ्या पाण्याच्या वासाचा.

"लगाम नको," मी म्हटलं, "दहा दिवस."
"सात बजे बैंड है."
खिळ्यावर लगाम, पितळी, घासून लख्ख.
दोघंही तिकडेच बघत होतो.

रात्री नऊला बाड्यावर वाट अडली.
डोक्यावर ट्यूबलाइटी घेतलेल्या बायका,
पेंगुळलेला नवरदेव,
आणि त्याच्याखाली
शरबती नव्हे, एक काळी घोडी,
लगाम चघळत, तोंडाला फेस.
सगीरच्या भावाची असणार.
एकच गोठा, एकच गंजी.

दोरी धरून सगीर पुढे चालत होता.
त्याने मला ओळखलं.
बँडच्या त्या गदारोळात थांबला,
अंगठ्याने घोडीचा खालचा ओठ दुमडून
माझ्या दिशेने धरला.

इतक्या लांबून काय दिसणार!
त्या उजेडात सगळंच पांढरं.

मी मान डोलावली.
वरात पुढे सरकली.